कर्नल बदलला तरी जुने प्रोग्रॅम का चालतात?

मोबाइलमधले एखादे ॲप अपडेट झाले की बटणे जागा बदलतात, नेहमीचा पर्याय कुठेतरी दडून बसतो आणि दोन दिवस चाचपडण्यात जातात. याची आपल्याला सवय झाली आहे. आता दुसरे दृश्य पाहा. लिनक्सवर चालणाऱ्या एका सर्व्हरवर रात्री अपडेट होते आणि ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, नवा येतो. सकाळी सगळे नेहमीसारखेच चालू असते. हिशेबाचा प्रोग्रॅम चालतो, छपाई होते. बॅकअपचा एखादा छोटा प्रोग्रॅम कुणीतरी पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेला असतो, तो लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो. तोही रात्रीचे काम आटोपून मोकळा झालेला असतो.

लिनक्स कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ ते दहा आठवड्यांनी निघते आणि प्रत्येक आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात. वरवरच्या ॲपमधला एक बदल आपल्याला अडखळवतो, मग सगळ्यात खालच्या थरातल्या दहा हजार बदलांनी वरचे काहीच कसे कोसळत नाही?

हे आपोआप होत नाही. त्यामागे एक कडक नियम आहे आणि तो पाळायला रोज कष्ट पडतात.

क्रमांकाच्या खिडक्या

कोणत्याही प्रोग्रॅमला डिस्कवरची फाइल स्वतः उघडता येत नाही. पडद्यावर अक्षर उमटवणे, नेटवर्कवर माहिती पाठवणे, आणखी मेमरी मिळवणे हेही त्याच्या हातात नसते. प्रोसेसरच त्याला तशी मुभा देत नाही. ही कामे फक्त कर्नल करू शकतो. प्रोग्रॅमने कर्नलकडे मागणी करायची, आणि या मागणीला 'सिस्टीम कॉल' म्हणतात.

तहसील कार्यालयाच्या खिडक्या डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक खिडकीला क्रमांक असतो, प्रत्येकीचा अर्ज ठरलेला असतो आणि अर्जात कोणत्या रकान्यात काय भरायचे तेही ठरलेले असते. आत कारकून बदलले, कपाटे हलली, सगळा कारभार संगणकावर गेला तरी बाहेरच्या माणसाचे अडत नाही. खिडकी तीच आणि अर्ज तोच, एवढे त्याला पुरते.

प्रत्यक्षात काय घडते ते जवळून पाहू. 'कॅट' ही लिनक्समधली छोटीशी आज्ञा एखादी फाइल पडद्यावर दाखवते. इंटेल किंवा एएमडीच्या ६४ बिट प्रोसेसरवर ती चालवली की मुख्य काम असे होते. प्रोग्रॅम प्रोसेसरच्या एका ठरावीक कप्प्यात, म्हणजे रजिस्टरमध्ये, २५७ हा आकडा ठेवतो, शेजारच्या कप्प्यांत फाइलच्या नावाचा पत्ता वगैरे ठेवतो आणि 'सिसकॉल' ही सूचना देतो. सूत्रे कर्नलकडे जातात. कर्नल आपल्या तक्त्यात २५७ शोधतो, तिथे 'फाइल उघड' असे काम नेमलेले असते. तो फाइल उघडतो आणि ३ हा आकडा परत देतो: ०, १ आणि २ आधीच वापरात आहेत, तेव्हा ही उघडलेली फाइल तुझ्यापुरती ३ क्रमांकाची. मग प्रोग्रॅम ० क्रमांकाचा कॉल करून ती वाचतो आणि १ क्रमांकाचा कॉल करून वाचलेले पडद्याकडे पाठवतो. फाइल सापडलीच नसती तर उत्तर उणे २ आले असते. त्याचा अर्थही कायमचा ठरलेला: 'असे काही नाही'.

हे आकडे प्रोग्रॅम तयार होतानाच त्यात कोरले जातात. उद्या कुणी ० आणि १ यांची अदलाबदल केली तर फाइल वाचू पाहणारा जुना प्रोग्रॅम तीत लिहू लागेल. म्हणून एकदा दिलेला क्रमांक बदलत नाही. ३२ बिटच्या इंटेल संगणकांवर वाचण्याचा क्रमांक लिनक्सच्या आरंभापासून, म्हणजे १९९१ पासून, ३ आहे आणि आजही ३ आहे.

क्रमांकांबरोबर आणखीही बरेच काही जपावे लागते. माहिती कोणत्या क्रमाने द्यायची, तिचा प्रत्येक भाग किती बाइटचा, चूक झाल्यास कोणता आकडा परत येणार, हे सगळे कर्नल आणि त्याच्या बाहेरचे प्रोग्रॅम यांच्यातल्या करारात मोडते. या बाहेरच्या सगळ्या प्रदेशाला जाणकार 'युजरस्पेस' म्हणतात. 'युजरस्पेस मोडायचे नाही' हा लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्स यांचा नियम आहे.

करार कागदावर संपत नाही

इथवर गोष्ट सोपी वाटते. खिडक्यांची यादी करा, ती बदलू नका, झाले. खरी अडचण पुढे आहे. लोक कोणत्या गोष्टीवर विसंबून राहतील हे ती गोष्ट बनवणाऱ्याच्या हातात नसते.

२०११ सालचे उदाहरण घ्या. कर्नलच्या आत काय चालले आहे याची नोंद ठेवण्याची एक सोय आहे. त्या काळी तिच्या प्रत्येक नोंदीत चार बाइटची एक जागा कर्नलमधल्या एका जुन्या कुलपासाठी होती. ते कुलूपच कर्नलमधून काढून टाकले गेले, तेव्हा त्याची जागाही काढली. लगेच 'पॉवरटॉप' हा प्रोग्रॅम चुकू लागला. लॅपटॉपची बॅटरी कशात खर्च होते हे तो दाखवतो. नोंदींची रचना कर्नल स्वतःच सांगतो, ती विचारून घ्यायची अशी अपेक्षा होती. पॉवरटॉपने न विचारता ठरावीक बाइट मोजून आकडे उचलले होते. चूक कुणाची याबद्दल वाद नव्हता. तरीही त्या चार रिकाम्या बाइट परत आल्या आणि पॉवरटॉप सुधारून लोकांपर्यंत पोचेपर्यंत प्रत्येक नोंदीत तशाच वाहिल्या गेल्या.

दुसरी गोष्ट 'बोगोमिप्स' नावाच्या आकड्याची. संगणक सुरू होताना कर्नल स्वतःपुरता एक वेग मोजतो आणि प्रोसेसरची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये तो छापतो. वेगाचे माप म्हणून त्याला फारसा अर्थ नाही, हे त्याच्या नावातच कबूल केले आहे. एआरएम प्रोसेसरसाठी ही ओळ निरुपयोगी म्हणून काढून टाकली. काही प्रोग्रॅम ती ओळ शोधत होते आणि सापडली नाही की बंद पडत होते. २०१५ च्या जानेवारीत ती ओळ परत आली.

आवृत्तीचा क्रमांकसुद्धा यातून सुटलेला नाही. २०११ च्या जुलैत लिनक्स २.६.३९ वरून थेट ३.० वर गेला. आत क्रांतिकारक असे काही नव्हते, वाढत गेलेला आकडा आटोपशीर करायचा होता. पण क्रमांकाला तीन भाग असतातच असे कित्येक प्रोग्रॅमांनी गृहीत धरले होते, म्हणून विचारल्यावर कर्नल '३.०.०' असे सांगू लागला. काहींनी तर तो २.६ नेच सुरू होणार असे धरले होते. त्यांच्यासाठी पुढच्याच आवृत्तीत एक सोय आली: तशी विनंती करून प्रोग्रॅम चालवला तर कर्नल त्याला आपला क्रमांक २.६.४० च्या पुढचा सांगतो.

हा लाड फाजील आहे असे वाटू शकते. चुकीचा लिहिलेला प्रोग्रॅम मोडला तर मोडू द्या, त्याशिवाय लोक नीट लिहायला शिकणार नाहीत, असा युक्तिवाद कर्नलचे विकासकही अधूनमधून करतात. २०१२ च्या डिसेंबरात व्हिडिओ विभागातल्या एका बदलामुळे चूक झाल्यास परत येणारा आकडा वेगळा झाला आणि आवाज सांभाळणारे प्रोग्रॅम बिघडले. दोष त्या प्रोग्रॅमांचा आहे असे एका ज्येष्ठ विकासकाने सुचवताच टॉरवाल्ड्स यांनी त्याला फार कठोर शब्दांत झापले. ते शब्द मला पटत नाहीत. त्यांनी स्वतःही पुढे, २०१८ साली, आपल्या अशा वागण्याबद्दल माफी मागितली. पण मुद्द्यावर ते बरोबर होते. संगणक वापरणाऱ्याने तो प्रोग्रॅम लिहिलेला नसतो. बिघाडाचे मूळ कर्नलमध्ये की प्रोग्रॅममध्ये, हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. त्याला एवढेच दिसते, की अपडेट केले आणि काम थांबले. पुढच्या वेळी तो अपडेट करायचे टाळतो, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्याच अपडेटमधून येत असतात.

एका चांगल्या सुधारणेची माघार

या नियमाची सगळ्यात कठीण परीक्षा २०१९ च्या सप्टेंबरात झाली. ५.३ ही आवृत्ती बाहेर पडायच्या बेतात होती. तीत फाइल साठवणाऱ्या 'एक्स्ट४' या व्यवस्थेत एक सुधारणा होती: डिस्ककडे सुट्या सुट्या मागण्या पाठवण्याऐवजी त्या एकत्र पाठवायच्या. फेऱ्या कमी, काम जलद. सुधारणेत दोष नव्हता आणि एकाही सिस्टीम कॉलला तिने हात लावला नव्हता.

तरी एका वापरकर्त्याचा संगणक सुरू होता होता थांबायचा. कळफलक बडवला की पुढे सरकायचा.

कारण शोधता शोधता सापडले ते असे. पासवर्ड, गुप्त किल्ल्या वगैरेंसाठी कुणालाही अंदाज करता येणार नाही असे यादृच्छिक आकडे लागतात. संगणक ठरलेल्या सूचना ठरल्याप्रमाणे पाळतो, त्याच्याकडे असा बेभरवशीपणा मुळात नसतो. तो बाहेरच्या घटनांमधून गोळा करावा लागतो: कळ नेमकी कोणत्या क्षणी दाबली गेली, डिस्कचे उत्तर किती सूक्ष्म वेळाने आले. पुरेशी साठवण झाली की मगच आकडे द्यायचे आणि तोवर मागणाऱ्याला थांबवून ठेवायचे, अशी 'गेटरँडम' या सिस्टीम कॉलची रीत आहे. तो २०१४ साली आला. इकडे लॉगिनचा पडदा दाखवणारा प्रोग्रॅम अगदी सुरुवातीलाच असे आकडे मागत होता.

नव्या सुधारणेमुळे डिस्कच्या फेऱ्या कमी झाल्या. फेऱ्या कमी म्हणजे घटना कमी, म्हणून साठवण अपुरी. लॉगिनचा प्रोग्रॅम आकड्यांची वाट पाहत थांबला. तो थांबला म्हणून संगणकात दुसरे काही घडेना, आणि काही घडेना म्हणून साठवण वाढेना. कुणी कळ दाबली की हे चक्र तुटायचे.

डिस्क किती वेळा वाचली जाते यावर लॉगिनचा पडदा अवलंबून राहील असे कुणाच्या स्वप्नातही आले नसते. पण तो अवलंबून होता. टॉरवाल्ड्स यांनी आवृत्ती प्रसिद्ध करण्याच्या अगदी तोंडावर ती सुधारणा मागे घेतली आणि का घेतली ते जाहीर निवेदनात सविस्तर सांगितले: बदल बरोबर असेल, कोणताही घोषित करार त्याने मोडला नसेल, तरी लोकांचे चालते काम त्याने बंद पाडले, आणि निकष तेवढाच आहे. पुढे ५.४ मध्ये कर्नल प्रोसेसरच्याच वेळेतल्या सूक्ष्म चढउतारांतून बेभरवशीपणा स्वतः गोळा करू लागला. वाट पाहण्याचा प्रश्न मिटला आणि मागे घेतलेली सुधारणा सुखरूप परतली.

आधी कर्नल बदला आणि मग प्रोग्रॅम दुरुस्त होऊ द्या, असा हा क्रम नाही. चालते ते आधी चालू ठेवायचे, आणि सुधारणेने स्वतःसाठी वाट शोधायची.

> चौकट: कोणत्या बदलाला मुभा, कोणत्याला नाही
>
> नवा सिस्टीम कॉल नव्या क्रमांकाने आणता येतो.
>
> कॉलच्या आतले काम पूर्णपणे नव्याने लिहिता येते, बाहेर येणारे उत्तर तेच राहिले पाहिजे.
>
> दिलेला क्रमांक, माहितीचा क्रम, बाइटची मांडणी आणि चूक दाखवणारे आकडे बदलत नाहीत.
>
> कागदोपत्री नसलेली गोष्टही कुणी वापरत असेल आणि ती मोडल्याची तक्रार आली, तर बदल मागे घेतला जातो.

न वाचलेल्या रकान्यांचा धडा

मग नवे काही आणायचे तरी कसे? इथे 'ओपन', म्हणजे फाइल उघडण्याच्या कॉलची कहाणी बोधप्रद आहे. फाइल कशी उघडायची हे सांगण्यासाठी त्याला एक आकडा द्यावा लागतो आणि त्या आकड्यातला प्रत्येक बिट म्हणजे एक हो-नाही पर्याय. फक्त वाचायची का, नसेल तर नवी बनवायची का, वगैरे. ज्या बिटांना काही अर्थ दिलेला नव्हता, त्यांच्याकडे ओपन बघतच नसे. अर्जात भलत्या रकान्यावर खूण केली तरी खिडकीवरचा माणूस काही न बोलता अर्ज स्वीकारतो, तसे.

तेव्हा ही उदारता वाटली असेल, पुढे ती पायातली बेडी झाली. प्रोग्रॅमने चुकून नको त्या बिटावर खूण केलेली असेल तर ते आजवर कुणाला कळलेच नाही. आता त्या बिटाला नवा अर्थ दिला तर त्या प्रोग्रॅमचे वागणे अचानक बदलणार. उलट बाजूनेही अडचण आहेच. नवा प्रोग्रॅम सुरक्षेचा नवा पर्याय मागतो, जुना कर्नल तो न वाचताच 'फाइल उघडली' म्हणून सांगतो, आणि प्रोग्रॅम समजतो की आपण सुरक्षित आहोत.

म्हणून २०२० साली ५.६ या आवृत्तीत ४३७ क्रमांकाने 'ओपनॲट२' आला. अनोळखी बिटावर खूण दिसली तर तो सरळ नकार देतो. शिवाय सगळे पर्याय तो एका अर्जात घेतो आणि अर्ज किती बाइटचा आहे हेही विचारतो. छोटा जुना अर्ज नव्या कर्नलकडे आला तर उरलेल्या जागी शून्ये धरली जातात, आणि शून्य म्हणजे 'पूर्वीसारखेच' असा संकेत आहे. मोठा नवा अर्ज जुन्या कर्नलकडे गेला तर तो जादा भाग तपासतो: तिथे सगळी शून्ये असतील तर काम करतो, काही भरलेले असेल तर 'हे मला कळत नाही' म्हणून परत पाठवतो. पुढची पाच-दहा वर्षे काय लागेल ते आज कुणालाच माहीत नाही. ते माहीत नसतानाही वाढायला जागा ठेवणारी ही रचना मला फार शहाणपणाची वाटते.

जुना ओपन अर्थातच जागेवर आहे.

वेळेच्या बाबतीतही हेच करावे लागले. ३२ बिटच्या संगणकांवर १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजले जातात आणि त्या आकड्यात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ च्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ही मर्यादा संपते आणि पुढच्याच सेकंदाला असा संगणक १९०१ सालात जाऊन पडतो. जागा दुप्पट करून प्रश्न सुटला असता, पण मग जुन्या प्रोग्रॅमांची बाइटची मांडणी मोडली असती. म्हणून २०१९ साली ५.१ मध्ये ६४ बिटची वेळ घेणारे नवे कॉल ४०३ पासूनच्या क्रमांकांनी आले आणि जुने तसेच राहिले. ओपनबीएसडी या दुसऱ्या सिस्टीमने २०१४ साली वेगळा रस्ता धरला: वेळेची जागा थेट बदलली आणि सगळे प्रोग्रॅम नव्याने बांधून घेतले. त्यांना ते जमले, कारण कर्नल आणि सोबतची मूळ साधने तीच मंडळी एकत्र बांधतात. लिनक्समध्ये कर्नल एका गटाचा, मूळ लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमांनी वापरायचा तयार कोड, दुसऱ्याची, आणि ही जुळवाजुळव करून लोकांना देणारे आणखी निराळे. सगळ्यांनी एका दिवशी बदलावे असे म्हणण्याची सोयच नाही.

ॲपल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी सीमारेषा एक पायरी वर आखली आहे. तिथे कर्नलचे क्रमांक बदलू शकतात. कायम राहते ती कंपनीनेच दिलेली लायब्ररी, आणि प्रोग्रॅमने तिच्यामार्फतच जावे अशी अपेक्षा असते. 'गो' या भाषेतले प्रोग्रॅम मॅकवर परस्पर कर्नलशी बोलत असत. २०१६ साली मॅकओएस सिएरामध्ये वेळ विचारण्याच्या कॉलची रीत बदलली आणि ते कोसळू लागले. २०१९ साली गोने मॅकवर लायब्ररीचा रस्ता धरला.

आतल्या बाजूला वचन नाही

हे सगळे वचन कर्नलच्या बाहेर राहणाऱ्या प्रोग्रॅमांना आहे. कर्नलच्या आत असे काहीच पक्के नसते. कॅमेरा, वाय-फाय, टचस्क्रीन चालवणारे ड्रायव्हर कर्नलच्या आत काम करतात आणि तिथले आपापसातले व्यवहार हवे तेव्हा बदलले जातात. ड्रायव्हरचा कोड मुख्य कर्नलमध्ये सामील असेल तर बदल करणाराच तोही दुरुस्त करतो. निर्मात्याने तो स्वतःकडेच ठेवला असेल तर प्रत्येक नव्या आवृत्तीला जुळवून घेणे त्याचे त्याला करावे लागते.

अँड्रॉइड फोनना याचा मोठा फटका बसला. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सच आहे. चिप बनवणाऱ्यांचे ड्रायव्हर मुख्य कर्नलबाहेर राहिले, फोन जुना झाला की त्यांना नव्या कर्नलशी जुळवण्यात कुणाला रस उरला नाही आणि कितीतरी फोन जन्मभर एकाच जुन्या कर्नलवर अडकून पडले. अलीकडे गुगलने सगळ्या फोनना समान असा कर्नल आणून ड्रायव्हरसाठी मर्यादित काळापुरती पक्की रीत ठरवली आहे. मुख्य लिनक्स मात्र आतल्या बाजूला बांधून घ्यायला आजही तयार नाही, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो. आत मोकळीक आहे म्हणून तर बाहेरचे वचन पाळणे परवडते.

काढून टाकायचे केव्हा?

काहीच कधी काढता येत नाही असेही नाही. कुणाच्या लक्षात आले नाही, तर काही मोडले असे म्हणता येत नाही. टॉरवाल्ड्स यांनी ज्या ३८६ प्रोसेसरवर लिनक्स सुरू केला, त्याचाच आधार २०१२ च्या डिसेंबरात काढला गेला, कारण तो वापरणारे उरले नव्हते. 'सिसकंट्रोल' नावाचा एक जुना सिस्टीम कॉल बरीच वर्षे 'वापरू नका' असा इशारा देऊन २०२० मध्ये आलेल्या ५.५ आवृत्तीतून गेला.

अपडेटनंतर तुमचे एखादे साधन बंद पडले तर म्हणूनच ते कळवणे महत्त्वाचे आहे. न कळवलेला बिघाड कुणाच्या लक्षातच आलेला नसतो. कळवताना दोन गोष्टी हव्यात: कोणत्या आवृत्तीत चालत होते आणि कोणत्या आवृत्तीत बंद पडले. दोन आवृत्त्यांमधले दहा हजार बदल एकेक करून तपासावे लागत नाहीत. मधोमधचा बदल घेऊन कर्नल बांधायचा आणि साधन चालते का पाहायचे. चाललेच तर दोषी बदल पुढच्या अर्ध्यात आहे, नाहीतर मागच्या. असे दर वेळी निम्मे करत गेले की चौदा चाचण्यांत एकच बदल हाती लागतो. तो का मोडतो हे तुम्हाला सांगता आले नाही तरी चालते. 'यापूर्वी चालत होते, यानंतर नाही' एवढे दाखवले, की तो बदल करणाऱ्याला दुरुस्ती द्यावी लागते किंवा बदल मागे घ्यावा लागतो.